मुलगा बागेत उतरला, आता वाटणी करून टाकू का?

"मुलगा शिकून शेतीत आला, चांगलं झालं. पण आता रोज वाद. त्यापेक्षा वाटणी करून मोकळं होऊ का?" छाटणीचे दिवस जवळ आले की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे येतंच. नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरातला अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सहा एकर बाग, एकाच चुलीवर तीन पिढ्या. आजोबा, म्हणजे आण्णा, ऐंशीच्या घरात. वडील तात्या पन्नाशी ओलांडलेले. मुलगा सत्ताविशीचा, कृषी पदवीधर. पहिल्या बैठकीत बाप-लेक माझ्यासमोर औषधांवरूनच जुंपले. झाडावर घड किती ठेवायचे, डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी पावसाआधी की उघडीप मिळाल्यावर. त्यात मी काय बोलणार? मुलाला एवढंच विचारलं, शेवटचा जिव्हारी लागलेला प्रसंग कोणता?

तो म्हणाला, कृषी सेवा केंद्रात बुरशीनाशक आणायला गेलो होतो. दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि माझ्यासमोरच फोन लावला, "तात्या, पोरगं हे मागतंय, देऊ का?" मागे गावातले चौघे उभे. तेव्हापासून तो त्या दुकानाची पायरी चढला नव्हता. वर म्हणाला, "स्थळ येतं, पोरीकडचे विचारतात, तुमच्या हातात काय? काय सांगू? पेट्रोलला पैसे मागून घेतो."

तात्यांना हे ऐकून खरोखर आश्चर्य वाटलं. फोन आला होता, त्यांनी "दे" म्हटलं होतं, विषय संपला होता.

अशा वेळी "पोराला चुकू द्या, चुकूनच शिकेल" असा सल्ला द्यायला सोपा आहे, पण द्राक्षात तो महाग पडतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीत घड तयार होणार की नाही हे ठरतं, आणि कळतं मात्र ऑक्टोबरच्या, फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर. तोवर खर्च लाखांत गेलेला असतो. तात्यांनी 2010 साल बघितलं होतं. त्या वर्षी युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचा अंश सापडला आणि निर्यातदारांसकट बागायतदारही बुडाले. पुढे 2014 ची गारपीट. त्या वर्षांत सोसायटीचं कर्ज किती थकलं, सोनं कुठे गहाण पडलं, यातलं मुलाला काही माहीत नव्हतं. बापाची काळजी त्याच्यापर्यंत फक्त "नको" या एका शब्दात पोचत होती.

गाठ सुटली ती आईच्या बोलण्याने. दुसऱ्या बैठकीला त्या पदराला हात पुसत बसल्या होत्या, मध्येच म्हणाल्या, "ह्यांच्या हातात बँकेचं पासबुक आलं तेव्हा वयाची सत्तेचाळीस वर्षं उलटली होती. तोवर आण्णा देतील ते." तात्या खाली बघत राहिले. मला वाटतं, अशा घरांत सगळ्यात अवघड जागा मधल्या पिढीची असते. बापापुढे बोलता आलं नाही, कारभार उशिरा मिळाला, आणि मिळतो न मिळतो तोच मुलगा मागायला दारात उभा. त्यांना "आता सोडा" म्हणणं सरळ अन्यायाचं आहे.

वाटणीबद्दल मी स्पष्ट बोलले. जमीन कागदावर तुटते. विहीर, ठिबकची मेन लाइन, ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर आणि बागेतला रस्ता कसा तोडणार? शिवाय वाटणीचं बोलताना लग्न करून दिलेल्या लेकीचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत तिचा मुलाइतकाच हक्क आहे. हे म्हटल्यावर खोलीत जरा शांतता पसरली.

ठरलं ते असं. विहिरीकडचा एक एकर खरड छाटणीपासून माल निघेपर्यंत मुलाचा. औषधं, मजुरी, व्यापारी, सगळं त्याने बघायचं. पैसे त्याच्या खात्यावर, तोटाही त्याचाच. तात्यांनी सांगायचं असेल ते घरी सांगायचं, मजुरांसमोर नाही. आणि दुकानदाराला त्यांनी स्वतः जाऊन सांगायचं की त्या एकरासाठी मला फोन करू नको. याला तात्या सर्वांत जास्त अडखळले. एक एकर द्यायला तयार झाले होते, पण दुकानात जाऊन हे बोलायला त्यांना पंधरवडा लागला. मुलाकडूनही एक काम घेतलं: वडिलांशेजारी बसून जुन्या वह्यांतून वाईट वर्षांचा हिशोब उतरवायचा.

हंगाम मध्यमच गेला. मुलाने घड कमी ठेवले, मणी चांगले फुगले, पण काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला आणि बरेच मणी तडकले. निम्मा माल निर्यातीला, उरलेला स्थानिक व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात. तात्या "मी म्हणत होतो" असं म्हणालेच. दोन दिवस अबोला झाला. पण वाटणीचा विषय पुन्हा निघाला नाही.

हा तोडगा सगळीकडे चालत नाही. मुलाला मुळात शेती नकोच असेल, किंवा घरात दारू, उधारी, मारहाण असेल, तर एकर देऊन काही होत नाही. तिथे आधी ते हाताळावं लागतं, आणि कधी वकील गाठून रीतसर वाटणी करणंच बरं. या घरात मात्र सध्या वाद आहे तो दुसऱ्या एकराचा. मुलगा मागतोय, तात्या म्हणतात अजून एक हंगाम बघू. आण्णांचं मत देऊन टाकण्याकडे आहे, आणि तात्यांना सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.