मेलबर्नला येताय? ऊन आकड्यात बघायची सवय लावा

तुम्ही विचारलंत की जानेवारीत दोन मुलांना घेऊन मेलबर्नला येतोय, शाळेच्या यादीत मोठ्या काठाची टोपी आणि सनस्क्रीन आहे, तर आपल्यासारख्या सावळ्या माणसांना हे खरंच लागतं का? मी मूळची सांगलीची, अकरा वर्षं इथे आहे. लागतं.

आपण ऊन चटक्यावरून ओळखतो. एप्रिलमध्ये अंग भाजायला लागलं की आपोआप सावली शोधतो. इथे तो अंदाज साफ चुकतो. आमच्या पहिल्या नोव्हेंबरात नवरा दिवसभर क्रिकेट खेळायला गेला. पारा १९ वर, गार वारा, मी तर स्वेटर घालून बसले होते. रात्री त्याचे कान आणि मानेची मागची बाजू हात लावू देईनात, आणि चौथ्या दिवशी मानेची साल उकडलेल्या बटाट्यासारखी निघाली. ‘अगं, पण ऊन कुठे होतं?’ हेच तो विचारत राहिला. जाळते ती अतिनील किरणं, आणि ती ना दिसतात ना गरम लागतात. त्यात इथली हवा स्वच्छ, आणि जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते.

म्हणून इथे तापमानाबरोबर यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणं किती तीव्र आहेत ते सांगणारा आकडा, बघतात. ‘सनस्मार्ट’ या त्वचेच्या कॅन्सरपासून बचाव शिकवणाऱ्या इथल्या कार्यक्रमाचं ॲप फोनवर घ्या. आकडा ३ किंवा जास्त असेल तर अंग झाकायचं. मेलबर्नला साधारण ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत रोज काही तास तो ३ च्या वर असतो.

या देशात सत्तरीपर्यंत दर तिघांपैकी निदान दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कॅन्सर होतो, त्यामुळे हे शिक्षण बालवाडीपासून चालतं. १९८१ साली टीव्हीवर सिड नावाचा कार्टून सीगल (समुद्रपक्षी) आला आणि ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ शिकवून गेला: शर्ट चढवा, सनस्क्रीन लावा, टोपी घाला. सावली आणि गॉगल पुढे जोडले गेले. ऑस्ट्रेलियाचे जुने क्रिकेटपटू आणि समालोचक रिची बेनॉ आठवतात ना? २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की डोक्याच्या आणि कपाळाच्या त्वचेच्या कॅन्सरवर उपचार चालू आहेत, आणि खेळायच्या दिवसांत टोपी घातली नाही याची खंत बोलून दाखवली.

शाळेत नियम सरळ आहे: टोपी नाही तर मैदानावर खेळ नाही. माझी लेक पहिल्याच आठवड्यात टोपी विसरली आणि मधली सुट्टी व्हरांड्यात बसून काढली. घरी येऊन रडली. मला राग आला होता, आता मीच तो नियम शेजारच्या मुलांना सांगते. बेसबॉलची कॅप चालत नाही, कान आणि मान उघडी राहतात.

आता आपल्या रंगाचं. मेलॅनिनमुळे, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्यामुळे, आपला धोका गोऱ्यांपेक्षा खूपच कमी आहे, घाबरून जाऊ नका. पण आपली कातडीही भाजते, माझ्या नवऱ्याची भाजलीच. आणि सावळ्या त्वचेवरचा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा सर्वांत घातक कॅन्सर, बऱ्याचदा उशिरा सापडतो, कारण तो तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होऊ शकतो आणि तिथे कुणी बघत नाही. हा प्रकार उन्हामुळे होतो असंही नाही. नखात नवी काळी रेघ दिसली, एखादा तीळ वाढला किंवा रंग बदलला, तर जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, दाखवा. उलट आपल्याला डी जीवनसत्त्व कमी पडायची भीती जास्त, विशेषतः हिवाळ्यात. मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारी बाह्या वर करून खुशाल ऊन खा, आणि जीपीला रक्ततपासणीबद्दल विचारा.

सनस्क्रीन आपण फार कंजूषपणे लावतो. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला सात चमचे लागतं, चहाचे. एसपीएफ ५०+ घ्या, निघायच्या वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा. गाडीत ठेवू नका, उष्णतेने खराब होतं. तिथून ओझं आणायची गरज नाही, इथे सुपरमार्केटमध्ये पंपाच्या मोठ्या बाटल्या मिळतात. आणायचेच तर पूर्ण बाह्यांचे सुती कुडते आणि स्कूटरवर बांधता तो स्कार्फ आणा, मी दोन्ही अजून वापरते.

टोपी मात्र शाळेचीच घ्या आणि आतल्या पट्टीवर पक्क्या मार्करने नाव घाला. मैदानावर सगळ्यांच्या टोप्या सारख्याच दिसतात.