समतल चर आणि शेततळ्याच्या जागा ठरवायला फुकट मिळणारा उंचीचा डेटा पुरेल का?

पाणलोटाची हद्द आणि ओढ्या-ओघळींचं जाळं काढायला पुरेल. चर आखायला अजिबात नाही.

एसआरटीएम (2000 साली नासाच्या यानातून झालेली मोजणी), कोपर्निकस (युरोपचा उपग्रह-डेटा) किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोडेम, फुकटात मिळतो तो साधारण 30 मीटरचा. म्हणजे 900 चौरस मीटरच्या एका चौकोनाला उंचीचा आकडा एकच. एकरभर रान साडेचार चौकोनांत संपतं. त्यात बांध-ताली कुठून दिसणार? शिवाय कोपर्निकसमध्ये झाडांचे शेंडे आणि घरांची छपरंही उंचीत धरली जातात, त्यामुळे दाट आमराईच्या जागी टेकाड दिसू शकतं.

क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये आधी डेटा यूटीएममध्ये, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत घ्या (पुणे-नगरला झोन 43, नागपूर-चंद्रपूरला 44). अंश आणि मीटरची सरमिसळ राहिली की उतार भलताच येतो. मग डेटातले खोटे खड्डे बुजवून प्रवाह काढा. सॉफ्टवेअर 1 मीटरच्या समोच्च रेषाही निमूट काढून देईल, दिसतीलही झकास, पण त्यांच्या भरवशावर जेसीबी लावू नका.

नकाशावर जागा हेरा. चराची ओळ मात्र हायड्रोमार्करने (पाण्याच्या नळीने समान पातळी दाखवणारं साधन) नाहीतर डम्पी लेव्हलने (दुर्बिणीचं पातळी मोजायचं यंत्र) आखा. शेततळ्यासाठी खाली मुरूम किती खोलीवर लागतो, हे तर चाचणीचा खड्डा घेतल्यावरच कळेल.