प्रश्न तुमचे : आरोग्याचं अ‍ॅप रुग्णांसोबत बनवताना

प्रश्न : रक्तदाबाच्या रुग्णांसाठी अ‍ॅप बनवतोय. सगळे स्क्रीन तयार आहेत, आता रुग्णांना दाखवून मत घ्यायचंय. पाच जण पुरतात असं ऐकलं. खरं का?

आधी वेळेबद्दल. स्क्रीन तयार झाल्यावर बोलावलेले रुग्ण रंग आणि अक्षरांवरच बोलतात, कारण बोलण्यासारखं तेवढंच उरलेलं असतं. रीडिंग दिवसातून कितीदा घ्यायचं, चुकलं तर अ‍ॅपनं काय म्हणायचं, आकडे घरच्यांना दिसावेत की फक्त डॉक्टरांना, हे सगळं त्यांच्या मागं ठरून गेलेलं असतं. म्हणून पहिली बैठक स्क्रीनशिवाय घ्या. गोळ्यांची डबी, नोंदींची वही, फोनमधले गजर, जे काही ते आज वापरतात ते घेऊन यायला सांगा. ‘अ‍ॅपमध्ये काय हवं?’ असं विचारलं की कुठंतरी पाहिलेल्या अ‍ॅपचंच वर्णन ऐकायला मिळतं. त्यापेक्षा ‘काल सकाळची गोळी कशी घेतलीत?’ असं विचारा.

पाचाचा आकडा वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांच्या हिशेबातून आला आहे. एकेका माणसाला सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. पण हे पाचही जण साधारण सारख्या पद्धतीनं फोन वापरणारे हवेत. डोळस माणसं पाचाऐवजी पन्नास बसवलीत तरी स्क्रीन रीडरवरची (पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या सोयीवरची) अडचण त्यांना दिसणार नाही. तेव्हा स्क्रीन रीडर वापरणारे, अक्षरं खूप मोठी करून वाचणारे, हात थरथरणारे, कर्णबधिर, वाचन जड जाणारे अशा प्रत्येक गटातून तीन ते पाच जण घ्या. सगळ्यांना एकाच दिवशी बोलावू नका. दोन-तीन फेऱ्या करा आणि प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती करा.

कागदावर काढलेले स्क्रीन अंध माणसाच्या कामाचे नाहीत. त्याऐवजी तुमच्यातल्या एकानं स्क्रीन रीडर व्हायचं : ‘शीर्षक, आजची नोंद. पुढं, बटण, नवीन नोंद.’ समोरचा ‘पुढं’, ‘मागं’, ‘उघडा’ एवढंच म्हणेल. क्रम चुकलाय का, हे कोडची एक ओळ लिहिण्याआधी कळतं.

प्रश्न : अ‍ॅप सगळ्यांना वापरता येतं का हे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आमचं अ‍ॅप पास झालं. तरी अंध वापरकर्ते म्हणतात, नोंद करताच येत नाही. असं कसं?

सॉफ्टवेअर बटणाला नाव आहे का ते बघतं. नावाचा अर्थ लागतो का, ते त्याला कळत नाही. ‘बटण १’ हेसुद्धा त्याच्या लेखी नावच.

नोंदीचा एकच स्क्रीन जवळून बघू. वरचा दाब, खालचा दाब, नाडी असे तीन चौकोन, आणि चौकोनात नमुना म्हणून फिकट ‘१२०’. शीर्षक चौकोनाला जोडलेलं नसेल तर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) फक्त ‘१२०’ आणि मजकुराचा चौकोन एवढंच वाचतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आकडा आधीच भरलाय. तो पुढं जातो. मग ‘जतन करा’. खाली दोन सेकंद ‘नोंद झाली’ अशी पट्टी येऊन जाते, पण ती आवाजात जाहीर होत नाही. झालं की नाही कळेना म्हणून तो पुन्हा दाबतो, आणि डॉक्टरांच्या आलेखात एकाच वेळेच्या दोन नोंदी दिसतात. वाढलेला दाब नुसता लाल रंगानं दाखवला असेल तर रंगांधळ्या माणसालाही तो कळत नाही. सोबत ‘जास्त’ हा शब्द लिहा. आलेखाच्या जोडीला एक वाक्य द्या : ‘गेल्या ७ दिवसांत वरचा दाब १२८ ते १४६.’

ओटीपीचं तर बघायलाच नको. स्क्रीन रीडरनं मेसेजमध्ये जाऊन परत येईपर्यंत ३० सेकंद संपतात. स्क्रीनची वेळ संपत असेल तर आधी सांगा, आणि साध्या एका कृतीनं ती वाढवायला किमान २० सेकंद द्या, असं डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा, निकष म्हणतो. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत आणखी एक भर पडली : लॉगिन करताना माणसाला काही लक्षात ठेवायला किंवा बघून उतरवायला भाग पाडू नये. ओटीपी पेस्ट करता आला पाहिजे. सहा वेगळ्या चौकोनांत तो बऱ्याचदा होत नाही.

देवनागरीच्या दोन खास अडचणी. मजकुराला भाषेची खूण नसेल तर इंग्रजी आवाज मराठी वाचायला घेतो. आणि ओळीची उंची ठरीव असेल तर अक्षरं २०० टक्के केल्यावर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात.

पडदा बंद करून स्वतः टॉकबॅक चालवून बघा, जरूर. पण रोजचा वापरणारा भरधाव आवाजात ऐकतो, शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतो. तुम्ही तिथं शिकाऊ असता. तसंच येणाऱ्यांना त्यांचाच फोन आणू द्या. तुमच्या टेस्टिंगच्या फोनवर त्यांच्या सेटिंग नसतात.

प्रश्न : पक्षाघातानंतर बोलणं अडखळणाऱ्या आणि कंप असलेल्या रुग्णांसोबत सत्र कसं घ्यायचं?

४५ मिनिटांच्या वर नाही, मध्ये विश्रांती. ‘मनात येईल ते बोलत बोलत वापरा’ ही नेहमीची पद्धत इथं सोडून द्या. वाचाघात झालेल्याला शब्दच सापडत नाहीत, आणि स्क्रीन रीडरवाल्याचा स्वतःचा आणि फोनचा असे दोन आवाज एकमेकांवर आदळतात. काम होऊ द्या, मग तोच स्क्रीन समोर ठेवून एकेक प्रश्न विचारा. ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ अशी तीन कार्डं हाताशी असू द्या. वाचाघातात ‘नाही’ म्हणायचं असताना तोंडून ‘हो’ निघू शकतं, म्हणून महत्त्वाचा प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा.

पार्किन्सनच्या रुग्णाला औषधाचा अंमल असलेली वेळ विचारून बोलवा. मात्र त्यांची तयारी असेल तर अंमल उतरलेल्या वेळीही एकदा बघा, अ‍ॅप तेव्हाही उघडावं लागतं. बटणं अँड्रॉइडवर ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट (ही पडद्यावरच्या आकाराची एककं) तरी हवीत. पण आकाराइतकंच अंतरही बघा. ‘डोस घेतला’ आणि ‘डोस चुकला’ शेजारी-शेजारी म्हणजे चुकीला आमंत्रण. त्यावर ‘नक्की का?’ अशी खिडकी टाकणं हा उपाय नव्हे. तिचं ‘हो’ त्याच जागी आलं तर थरथरत्या बोटाचा दुसरा स्पर्श तिथंच पडतो. ‘परत फिरवा’ द्या, आणि ते आपोआप नाहीसं होऊ देऊ नका.

प्रश्न : रुग्णाऐवजी नातेवाईकच उत्तरं देतात.

त्यांचं वेगळं सत्र घ्या, तेही अ‍ॅप वापरणारच आहेत. मानधन दोघांनाही, प्रवासखर्च वेगळा. सांकेतिक भाषेचं सत्र तासावर जाणार असेल तर आलटून पालटून काम करणारे दोन दुभाषे लागतात. हे बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.

प्रश्न : एकाला सगळं एकाच स्क्रीनवर हवं, दुसऱ्याला एका स्क्रीनवर एकच गोष्ट. कुणाचं ऐकायचं?

आवड आणि अडथळा वेगळे करा. एका स्क्रीनवर एकच गोष्ट आवडत नाही म्हणणारा तरीही काम पूर्ण करतो, गर्दीत हरवणारा करू शकत नाही. मुळात सोपी मांडणी ठेवा, दुसरी सेटिंगमध्ये द्या. जिवाशी संबंधित गोष्टी मात्र मतांवर सोडू नका. रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये दाखवायची की मिलिमोलमध्ये, यात आकडा १८ पटींनी बदलतो. एकक आकड्याशेजारी कायम लिहिलेलं हवं, कुणी ‘गर्दी होते’ म्हटलं तरी.

आणि एक तक्ता ठेवा : सूचना, निर्णय, कारण. फेरी संपल्यावर दोन आठवड्यांत तो आलेल्या सगळ्यांना पाठवा, नाकारलेल्या सूचनांसकट, आणि ज्याला जसा वाचता येईल तसा : कुणाला साधा मजकूर, कुणाला ध्वनिमुद्रण, कुणाला सांकेतिक भाषेतला व्हिडिओ.