इंग्रजीतल्या 'अप' या छोट्याशा शब्दाचा नेमका अर्थ तरी काय?

शब्दकोशात 'अप' म्हणजे 'वर' असं दिलंय, पण 'ईट अप', 'गिव्ह अप', 'टाइम इज अप' यांत वर काहीच जात नाही, मग लक्षात ठेवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी लालबागला संध्याकाळी मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शिकवते. हा प्रश्न दर बॅचला येतो, आणि मला तो मनापासून आवडतो.

हा शब्द आपण मुंबईकर रोज ऐकतो, तेव्हा लोकलपासूनच सुरुवात करू. लहानपणी नाशिकला आजोळी जाताना कसाऱ्याला गाडी थांबायची. मागून ढकलणारी 'बँकर' इंजिनं लागायची, पाठीला एक हिसका बसायचा आणि गाडी थळ घाट चढायला लागायची. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, अशी ती चढण. बाबा म्हणाले, "ही डाउन गाडी." मला काही केल्या पटेना. गाडी तर डोंगर चढत होती! आणि सुट्टी संपल्यावर तोच घाट उतरून मुंबईला येणारी गाडी म्हणे अप.

याचं कारण असं की हे शब्द ब्रिटिश रेल्वेतून आले. तिकडे लंडनकडे जाणारी ती अप, मग गाव डोंगरावर असो की समुद्राकाठी. आपल्याकडे लंडनच्या जागी सीएसएमटी आणि चर्चगेट आले, कल्याण-विरारकडे डाउन झालं. म्हणजे इथे 'अप'चा अर्थ 'उंच' नाही, 'मुख्य ठिकाणाकडे' असा आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकायला जाणं म्हणजे 'गो अप' आणि तिथून काढून टाकलं तर 'सेंट डाउन'. आपणही म्हणतोच की, "साहेबांनी वर कळवलंय", "वरून ऑर्डर आली". त्या वरचा जिन्याशी काय संबंध?

आता 'ईट अप'. इथे माझं म्हणणं एवढंच आहे की 'अप'ला मराठीत 'वर' शोधूच नका, 'टाकणे' शोधा. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत फरक काय? दुसऱ्यात ताटात काही उरत नाही. 'ईट' आणि 'ईट अप' यांत नेमका तोच फरक आहे. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक, 'टेअर अप' म्हणजे फाडून टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव, 'गिव्ह अप' म्हणजे सोडून दे. 'टाइम इज अप', वेळ संपली. क्रिया पुरी झाली, शेवटाला गेली, हे सांगायला आपण 'टाकणे', 'देणे', 'जाणे' जोडतो. इंग्रजी माणूस बऱ्याचदा 'अप' जोडतो. इतकी जवळची गोष्ट आपल्या भाषेत असताना मुलांना शंभर-शंभर जोड्या घोकायला लावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

माझा एक विद्यार्थी हॉटेलात कामाला लागला. सांडलेल्या पाण्यासाठी साहेब म्हणायचे 'वाइप इट अप' आणि टेबलासाठी 'वाइप इट डाउन'. तो बिचारा फडकं हातात घेऊन उभा राहायचा, वर पुसू की खाली? मी त्याला वर्गातल्या बाकावर पाणी सांडून दाखवलं. पाणी पुसून टाकलं, नाहीसं झालं, ते 'अप'. बाक मात्र जागेवरच राहतो, त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फडकं फिरवलं, ते 'डाउन'. पुन्हा तो कधी अडला नाही.

सगळेच 'अप' यात बसत नाहीत, हेही खरं. 'इज ही अप?' म्हणजे उठलाय का, 'सर्व्हर इज अप' म्हणजे चालू आहे, 'इट्स अप टू यू' म्हणजे तुझ्यावर आहे, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. हे वापरातूनच येतात.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'अप' आणि आपला संस्कृत 'उप' एकाच मुळातून आले आहेत. आपलं 'वर' आलं 'उपरि'वरून, आणि इंग्रजी 'ओव्हर' त्याचा नातलग. म्हणजे 'उप'नगरी रेल्वेच्या 'अप' लोकलमध्ये 'उप' आणि 'अप' ही दोन भावंडं रोज एकत्र प्रवास करतात.

बोलताना दोन गोष्टी सांभाळा. 'पिक अप'सारख्या जोड्यांत 'इट', 'देम', 'हिम' असे शब्द नेहमी मध्ये येतात: 'पिक इट अप', 'पिक अप इट' कधीच नाही. आणि क्रियापद असेल तेव्हा जोर 'अप'वर द्या, नाम असेल तेव्हा पहिल्या शब्दावर. 'बॅक अप युअर फाइल्स' म्हणताना जोर 'अप'वर, आणि 'बॅकअप घेतला का?' म्हणताना 'बॅक'वर. दोन्ही मोठ्याने म्हणून बघा, कानाला लगेच कळेल.