सबसिडी तीन किलोवॅटला थांबते, मग पाच किलोवॅट कशाला?

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा आहे. स्वतःचं बैठं घर, वर आरसीसी स्लॅब. विजेचा वापर महिन्याला सरासरी ३२५ युनिट, बिल चार हजारांच्या आसपास. पेन्शन पुरते. हाताशी चार लाखांची एक एफडी आहे, ती पुढच्या महिन्यात मुदत पुरी करते. पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया वर्षभरात करावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलंय. एका एजन्सीने पाच किलोवॅटच्या सोलरचं ३ लाख १० हजारांचं कोटेशन दिलंय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ७८ हजार सबसिडी मिळेल, बिल शून्य होईल आणि पावणेतीन वर्षांत पैसे फिटतील. शेजाऱ्यांनी २०२१ मध्ये पाचच किलोवॅट बसवलं, ते खूश आहेत. मुलगा म्हणतो, स्कूटर इलेक्ट्रिक घेणारच आहोत, मोठंच बसवा. एफडी मोडून बसवावं का, असं त्यांनी विचारलंय.

नमस्कार सर,

सोलर बसवा. पाच किलोवॅट बसवू नका. आणि एफडीला हात लावू नका. माझं उत्तर एवढंच आहे, पण ते का, हे आकड्यांतून बघावं लागेल.

आधी सरकारी पैशाचं. पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एक कोटी घरं हे लक्ष्य, ७५,०२१ कोटींची तरतूद, मुदत २०२६-२७ पर्यंत. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि तिथे कुलूप. तीन बसवा, पाच बसवा, दहा बसवा, मिळणार ७८ हजारच. थोडक्यात पैसा जास्त घरांत पोचावा, एकाच छतावर मोठा साठा होऊ नये, अशी ही रचना आहे. तुमच्या चौथ्या आणि पाचव्या किलोवॅटला सरकार एक रुपयाही देत नाही.

मग शेजाऱ्यांना पाचही किलोवॅटला सबसिडी कशी मिळाली? ते जुन्या योजनेत होते. २०१९ पासूनच्या त्या टप्प्यात तीन किलोवॅटपर्यंत ४० टक्के आणि त्यापुढे दहापर्यंत २० टक्के अशी सबसिडी होती, म्हणून त्यांच्या पाचही किलोवॅटला काही ना काही मिळालं. त्यांचा निर्णय त्या नियमांत बरोबर होता. तो आज तसाच उचलता येत नाही.

आता बिलाची दुसरी बाजू, जी एजन्सीवाले सांगत नाहीत. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं. पहिल्या १०० युनिटचा दर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) धरून साधारण सहा रुपये, १०१ ते ३०० चा त्याच्या दुप्पट, आणि ३०० च्या वर आणखी चढा. मी गणितासाठी ६, १२ आणि १५ धरतो. तुम्ही तुमच्या बिलामागचे नेमके आकडे घालून बघा, वीज शुल्क वेगळं. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, लागला की सोलरची युनिट तुमच्या वापरातून वजा होतात, म्हणजे आधी वरची महाग युनिट कापली जातात, मग खालची स्वस्त. सगळा वापर कापूनही जी युनिट उरतात ती पुढच्या महिन्यांत वळती होतात, आणि आर्थिक वर्ष संपताना शिल्लक राहिली तर त्यांचा मोबदला तुम्ही देता त्या दरापेक्षा बराच कमी येतो.

तेव्हा वर जाताना सबसिडी घटत जाते आणि बचतही घटत जाते. दोन्ही एकाच दिशेने. म्हणून पाच किलोवॅटचा सरासरी हिशेब करणं चूक आहे, प्रत्येक किलोवॅटला वेगळं विचारायला हवं की तू मला काय देतोस.

एजन्सीचं ‘पावणेतीन वर्षं’ कुठून आलं ते मी करून बघितलं. ३ लाख १० हजारांतून ७८ हजार वजा केले की २ लाख ३२ हजार. पाच किलोवॅटची वर्षाची साधारण सात हजार युनिट, प्रत्येक युनिट १२ रुपयांनी, म्हणजे ८४ हजार. भागाकार बरोबर पावणेतीन येतो. पण तुमचा वर्षाचा वापरच ३,९०० युनिट आहे! उरलेली तीन हजारांच्या वर युनिट १२ रुपयांना कोणी घेणार नाही. खरा आकडा पाच वर्षांच्या आसपास निघतो. खोटं कोणी बोललेलं नाही, फक्त मधल्या टप्प्याचा दर सगळ्या युनिटना, शिल्लक युनिटनाही, लावला.

सोलरच्या आधी एक छोटा खर्च करा. तुम्ही लिहिलंय की घरात चार जुने पंखे आहेत. जुना साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास ओढतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीस वॉटच्या आसपास. चार पंखे, रोज दहा तास, वर्षात तीनशे दिवस धरले तर ५४० युनिट वाचतात. आणि ही युनिट तुमच्या बिलाच्या सगळ्यात वरच्या टप्प्यांतली आहेत, म्हणजे वर्षाला सात हजारांच्या वर. पंख्यांचा खर्च बारा हजार धरला तर पावणेदोन वर्षांच्या आत सुटतो. त्याला सबसिडी नाही, नेट मीटर नाही, छत नाही, आणि रात्रीही काम करतो. उजाला योजनेने २०१५ पासून घरोघरी एलईडी पोचवले तेव्हा लोकांना बचत दिसली होती, पंख्यांकडे मात्र अजून फारसं कोणी बघत नाही. छतावर निळ्या काचा दिसतात, पंख्याची मोटर दिसत नाही, एवढाच फरक असावा.

पंखे बदलल्यावर वापर वर्षाला ३,३६० युनिट, म्हणजे महिन्याला २८०. आता किलोवॅट मोजू. आपल्या भागात एक किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त.

पहिले दोन किलोवॅट. त्याच एजन्सीने तुम्हाला दिलेल्या दरपत्रकात दोन किलोवॅट १ लाख ४० हजारांना आहे. सबसिडी ६० हजार, उरले ८० हजार. महिन्याला २३३ युनिट निघतील. त्यातली १८० बारा रुपयांच्या टप्प्यातली आणि ५३ सहा रुपयांच्या, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या जवळपास बचत. धूळ, सावली, ढग धरून तीन ते साडेतीन वर्षांत पैसे वसूल. पॅनेलची कामगिरीची वॉरंटी साधारण २५ वर्षांची असते, त्यामुळे पुढचं सगळं तुमचं.

तिसरा किलोवॅट. दरपत्रकात ५५ हजार जास्त, सबसिडी १८ हजार, म्हणजे ३७ हजार खिशातून. तो तुमची उरलेली स्वस्त युनिट कापेल आणि आठशेच्या वर युनिट शिल्लक टाकेल. शिल्लक युनिटना समजा तीन रुपये मिळाले, तरी वर्षाला सहा हजारांच्या आत. सहा वर्षं लागतील. वाईट नाही, पण घाई करण्यासारखंही नाही.

चौथा आणि पाचवा मिळून १ लाख १५ हजार, सबसिडी शून्य, सगळी युनिट शिल्लक. त्याच तीन रुपयांनी तेरा-चौदा वर्षं. मध्ये एकदा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) बदलावा लागला तर आणखी पुढे. हा भाग मी कुणालाच घ्यायला सांगणार नाही.

स्कूटरचं म्हणाल तर मुलाचा अंदाज थोडा जास्त आहे. इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला साधारण तीस वॉट-अवर घेते. रोज वीस किलोमीटर फिरली तरी महिन्याला वीस युनिटच्या आसपास. त्यासाठी दोन किलोवॅट वाढवायची गरज नाही. तिसरा किलोवॅट मात्र एका कारणासाठी घ्या: बेडरूममध्ये एसी बसवायचं नक्की असेल तर, शस्त्रक्रियेनंतर घरात झोपून राहायचं असल्यामुळे म्हणा किंवा उन्हाळ्यामुळे. ‘बघू पुढे’ असेल तर नको. नंतर वाढवताना सबसिडी मिळेलच असं धरून चालू नका, म्हणून हे आत्ताच दोघांनी बसून ठरवा.

आता पैसे कुठून. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य गुडघ्याचं वाटलं, सोलरचं नाही. तीन वर्षांत पैसे परत येणारी चांगली गुंतवणूकसुद्धा आठ महिन्यांनी हॉस्पिटलचं बिल भरू शकत नाही. पॅनेल मोडून रोख मिळत नाही. विमा असला तरी सगळा खर्च त्यात बसतोच असं नाही, आणि ही चार लाखांची एफडी हाच तुमचा एकमेव मोकळा पैसा आहे. ती पुन्हा ठेवा, पण एकाच पावतीत नको. दोन लाखांच्या दोन पावत्या करा, म्हणजे लागेल तेवढीच मोडता येईल.

सोलरसाठी याच योजनेत सरकारी बँका तीन किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात. व्याज रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी, जोडलेलं आहे. सुरुवातीला ते सात टक्क्यांच्या आसपास होतं. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो खाली आणला तसं ते उतरलं, पुढे वरही जाऊ शकतं. साधारण दहा टक्के स्वतःचे भरले तर १ लाख २६ हजारांचं कर्ज. सात टक्के धरूनही पाच वर्षांचा हप्ता अडीच हजारांच्या आत बसतो, म्हणजे जेवढं बिल वाचतं जवळपास तेवढाच. सबसिडीचे ६० हजार आले की ते घरखर्चात न मिसळता थेट कर्जात भरा. व्यक्तीने घरगुती कामासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. हप्ता तोच ठेवला तर उरलेलं कर्ज अडीच वर्षांत संपतं.

कर्ज नको असं तुम्हाला वाटेल, तुमच्या पिढीतल्या बहुतेकांना वाटतं, आणि एरवी मी त्यात मोडता घालत नाही. तुमचं उत्पन्न करपात्र मर्यादेत बसत नसल्याने एफडीचं व्याजही पूर्ण हातात येतं, त्यामुळे कर्ज आणि एफडीच्या दरात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो हाताशी रोख असण्याचा. शस्त्रक्रिया झाली, बिल भागलं, आणि पैसे उरले की त्याच दिवशी कर्ज फेडून टाका.

काही गोष्टी कोटेशनवर सही करण्याआधी नीट बघा. तुम्ही लिहिलंय की वीजजोडणी अजून वडिलांच्या नावावर आहे. ती आधी स्वतःच्या नावावर करून घ्या. सबसिडी अर्जदाराच्या बँक खात्यात येते, आणि नावांचा मेळ बसला नाही की तिथेच गाडी अडते. एजन्सी म्हणते ‘सबसिडी आम्हीच कमी करून देतो’. त्यावर विसंबू नका. योजनेत पैसे यंत्रणा सुरू होऊन तपासणी झाल्यावर ग्राहकाला मिळतात, व्हेंडरला नाही. पूर्ण रकमेची सोय आधी तुम्हालाच करावी लागेल असंच धरा.

बिलावर पॅनेल डीसीआर आहेत, म्हणजे भारतात बनलेल्या सेलचे, हे लिहून घ्या. तसे नसतील तर सबसिडी नाही, आणि स्वस्त कोटेशनचं गुपित बऱ्याचदा हेच असतं. सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तुमच्या कोटेशनमध्ये जुना दर तर नाही ना बघा. दहा किलोवॅटपर्यंत महावितरणच्या तांत्रिक व्यवहार्यता अहवालाची (फिजिबिलिटी) अट २०२४ मध्ये काढली आहे, तेव्हा ‘फिजिबिलिटी’च्या नावाखाली कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

छत कधी गळतं का? गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी. वर सांगाडा बसल्यावर तेच काम दुप्पट कटकटीचं होतं.

आणि बिल शून्य होणार नाही. स्थिर आकार राहतोच. योजनेतला ‘३०० युनिट मोफत’ हा आकडाही सरकार देणारं रेशन नाही, तीन किलोवॅटच्या छतावर महिन्याला सरासरी तीनशेच्या वर युनिट तयार होतात, त्यावरचा तो आकडा आहे. लोडशेडिंगला दिवे लागतील ही अपेक्षाही सोडा. बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड यंत्रणा लाइट गेली की स्वतःही बंद पडते, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला मागून करंट जाऊ नये. त्यासाठी बॅटरी लावायची तर सगळं गणित बदलतं, आणि तुमच्या पत्रातल्या कुठल्याही कारणासाठी ती लागत नाही.

एजन्सीने सांगितलं असेल की सबसिडी याच महिन्यात संपते. योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंतची आहे. नाव बदलायला अर्ज करा, पंखे आणा, दोन महिन्यांचं बिल बघा, आणि मग दोन वेगळ्या नोंदणीकृत एजन्सींकडून दोन किलोवॅटचं लेखी कोटेशन मागवा. त्यात इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षं आणि पहिल्या पाच वर्षांची देखभाल कोण करणार, हे दोन्ही लिहिलेलं असलं पाहिजे. आगाऊ रक्कम म्हणून निम्म्याहून जास्त देऊ नका, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर लागून पहिलं बिल हातात आल्यावर द्या.