ओळखीचं कुणी भेटलं तर?

मी व्यसनमुक्तीचे समुपदेशन करते. दारू सोडल्यानंतर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना, तिच्या (एएच्या) मीटिंगला जाण्याचा विषय मी काढला की समोरचा माणूस थोड्याच वेळात एका प्रश्नावर येतो : "तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर?" पुणे कितीही पसरले असले, तरी साडूचा मित्र किंवा जुन्या वाड्यातले शेजारी कुठल्या चौकात समोर येतील याचा नेम नसतो, त्यामुळे ही भीती मी हसण्यावारी नेत नाही.

कोथरूडच्या एका गृहस्थांची गोष्ट त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. वय सत्तेचाळीस, भोसरीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर हातपाय थरथरणे, फिट येणे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होणे असे जिवावर बेतणारे प्रकार घडू शकतात, म्हणून ते आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाखल झाले होते. तो टप्पा निभावला. मग मी त्यांना शहरातल्या मीटिंगांची यादी दिली आणि "जाऊन या" म्हटले.

दोन आठवड्यांनी ते आले, तेव्हा यादी खिशात तशीच होती. चौघडी केलेला तो कागद घामाने मऊ पडला होता आणि कोथरूड, कर्वेनगर, भोसरी, पिंपरी या नावांवर पेनाने आडव्या रेघा मारलेल्या होत्या; घराजवळचे आणि कंपनीजवळचे प्रत्येक ठिकाण त्यांनी बाद केले होते. ही चूक मी माझ्या खात्यावर मांडते. 1981 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात वीस जणांचे दोन गट केले होते. ज्यांना नुसती माहिती दिली त्यांच्यातला एकही जण मीटिंगला गेला नाही, आणि ज्यांचे समुपदेशकाच्या समोरच एखाद्या जुन्या सभासदाशी फोनवर बोलणे करून दिले ते सगळे गेले. वीस हा आकडा फार लहान आहे हे कबूल. पण माझ्या खोलीतला अनुभव त्याच्याशी इतका जुळतो की यादी हातात ठेवून मोकळे होण्याची सवय मी तेव्हापासून सोडली.

त्या दिवशी आम्ही माझ्या टेबलावरूनच फोन लावला. पलीकडच्या सभासदाने आडनाव विचारले नाही, कंपनी विचारली नाही. "गुरुवारी या, मी फाटकापाशी थांबतो" एवढेच म्हणाला. गृहस्थांनी हडपसर निवडले, कारण ते घरापासूनही लांब होते आणि कारखान्यापासूनही. निघताना मी त्यांना काही गोष्टी सांगितल्या. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे, फी नाही, आणि बोलायचे नसेल तर गप्प बसले तरी चालते. बंद मीटिंग केवळ स्वतःची दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते, खुल्या मीटिंगला घरचे माणूसही येऊ शकते. त्यांच्या पत्नीला सोबत जायचे होते, खरे म्हणजे पहारा द्यायचा होता. त्यांना मी घरच्यांसाठी असलेल्या अल-ॲनॉनची आणि मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राच्या 'सहचरी' या पत्नींच्या गटाची वाट दाखवली. नवऱ्याच्या तोंडाचा वास घेण्यात दहा वर्षे गेलेल्या बाईलाही बसून बोलायला स्वतःची जागा लागते.

हडपसरची मीटिंग एका शाळेच्या वर्गात भरत असे. लहान मुलांच्या बाकांत गुडघे मावत नव्हते, फळ्यावर सातचा पाढा तसाच राहिला होता, आणि चहाचा ट्रे घेऊन दारातून आत आला तो त्यांच्याच कारखान्यातला स्टोअरकीपर. "माझ्या पोटात गोळाच आला," असे ते मला नंतर म्हणाले. स्टोअरकीपरचाही हात थबकला, कपांतला चहा हिंदकळला. राहायला चिंचवडला असलेला तो माणूस दीड वर्षापासून दर गुरुवारी शहर ओलांडून इथे येत होता, आणि त्याचे कारणही तेच होते : ओळखीचे कुणी भेटू नये.

ही भीती निराधार असते असे मी म्हणणार नाही. मीटिंगमधले बोलणे बाहेर न्यायचे नाही ही शिस्त माणसेच पाळतात आणि क्वचित ती मोडतेही; म्हणून पहिल्या दिवशी घरातले सगळे मांडू नये असे मी सांगते. मात्र एक हिशेब लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्हाला तिथे पाहणारा माणूस स्वतःही तिथेच बसलेला असतो, त्यामुळे गुपित सांभाळण्याची गरज दोघांना सारखीच असते. शिवाय, शेजाऱ्यांना आपले पिणे कळत नसे ही पिणाऱ्याची समजूत बहुधा त्याच्या एकट्याचीच असते. जिन्यात दोनदा पडलेल्या माणसाचे सोसायटीत काय गुपित उरणार?

दुसऱ्या महिन्यात गृहस्थांचा पाय घसरला, एका लग्नात. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला तो मला नव्हे, स्टोअरकीपरला, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला, कारण माझी वेळ संध्याकाळी सहाला संपते.

आता दोघे एकाच मोटारसायकलवरून भोसरीहून हडपसरला जातात. "कोथरूडला जवळ मीटिंग आहे की, तिकडे का नाही जात?" असे पत्नीने मध्यंतरी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तिथे माझ्या ओळखीचं कुणी नाही."