'तयारीचा दिवस' म्हणजे नक्की कोणता वार?

प्रश्न असा आलाय: "योहान म्हणतो येशू वल्हांडणाच्या सहा दिवस आधी बेथानीला आला, मार्कात वल्हांडण दोन दिवसांवर असताना बेथानीतलं जेवण येतं, आणि वधस्तंभाच्या दिवसाला चारही शुभवर्तमानकार 'तयारीचा दिवस' म्हणतात, योहान तर एके ठिकाणी 'वल्हांडणाच्या तयारीचा दिवस' म्हणतो. तयारी कसली, सणाची की शब्बाथाची? आदल्या रात्री वल्हांडणाचं जेवण झालं असेल तर दुसऱ्या दिवशी त्याचीच तयारी कशी? आणि शुक्रवार ते रविवारात तीन दिवस नि तीन रात्री कुठे बसतात?"

एका दमात चार प्रश्न आहेत, पण गुंता बराचसा एकाच शब्दापाशी आहे म्हणून तिथूनच सुरू करतो. (नवख्यांसाठी: मत्तय, मार्क, लूक, योहान ही बायबलातली येशूची चार चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं; वल्हांडण हा ज्यूंचा सण, शब्बाथ त्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, बेथानी यरुशलेमजवळचं गाव, आणि वधस्तंभ म्हणजे येशूला दिला तो क्रूस.)

तयारीचा दिवस म्हणजे शुक्रवार. ग्रीकमध्ये शब्द आहे परास्केवे, साधा अर्थ तयारी. शब्बाथ शुक्रवारी सूर्य बुडला की लागतो, मग चूल पेटवायची नाही, रांधायचं नाही, ओझं उचलायचं नाही, म्हणजे जे काय करायचं ते शुक्रवारी दिवसाउजेडी उरकायचं, आणि असं करता करता ग्रीक बोलणारे ज्यू त्या वारालाच 'तयारी' म्हणायला लागले. पुढे हा शब्द ख्रिस्ती लोकांनी उचलला आणि आजही अथेन्समधल्या कॅलेंडरवर शुक्रवारच्या रकान्यावर परास्केवी असंच छापलेलं असतं, तिथे कोणाला तयारीबियारी आठवत नसेल. जोसेफस या ज्यू इतिहासकाराने ऑगस्टस बादशहाच्या एका फर्मानाचा मजकूर दिलाय, त्यात ज्यूंना शब्बाथाच्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या परास्केवेला नवव्या तासानंतर कोर्टात हजर राहायची सक्ती करू नये असं आहे (नववा तास म्हणजे दुपारचे ३). दिदाखे नावाच्या अगदी जुन्या ख्रिस्ती नियमावलीत पण उपास कधी करायचा तर चौथ्या दिवशी आणि परास्केवेला असं सांगितलंय, म्हणजे बुधवार-शुक्रवार. तिथे 'तयारीला उपास करा' असं भाषांतर केलं तर वाचणारा डोकं खाजवत बसेल.

मराठीत 'तयारीचा दिवस' वाचलं की कान लगेच विचारतो, कसली तयारी? भाषांतर चुकीचं नाही, शब्दाला शब्द बरोबर आहे, फक्त वाराचं नाव असलेला शब्द मराठीत आल्यावर वर्णन होऊन बसला. मार्कला स्वतःलाच ही अडचण जाणवली असावी कारण त्याचे वाचक बहुतेक ज्यू नव्हते, म्हणून १५:४२ मध्ये (अध्याय १५, ओवी ४२) तो लगेच खुलासा करतो की म्हणजे शब्बाथाच्या आदला दिवस. मत्तय तर २७:६२ मध्ये शनिवारला शब्बाथ न म्हणता 'तयारीच्या दुसऱ्या दिवशी' म्हणतो, असं का लिहिलं असेल यावर टीकाकारांनी बरंच डोकं चालवलंय. एक मात्र लक्षात घ्या, या सगळ्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, गुरुवार असं नाव कुठेच येत नाही. वार म्हणून पक्के खिळे म्हणजे ही परास्केवे, शब्बाथ, आणि कबर रिकामी सापडते तो 'आठवड्याचा पहिला दिवस'. बाकी सगळे वार आपण यांच्यावरून मागे मोजत जाऊन ठरवलेत.

आता मोजण्याबद्दल, कारण अर्ध्या भांडणाचं मूळ तिथे आहे. त्या काळी दिवस मोजताना सुरुवातीचा आणि शेवटचा दोन्ही धरायची पद्धत होती. रोमन लोक तर याला एकदम पक्के, मार्चची १५ तारीख त्यांची 'आयडस', आणि १३ मार्चला ते आयडसच्या आधीचा तिसरा दिवस म्हणायचे. आपल्याला हे विचित्र वाटायचं काहीच कारण नाही, आपण रोज तेच करतो. आजच्या सोमवारी कोणी "आठ दिवसांनी या" म्हटलं की आपण पुढच्या सोमवारी जातो, मंगळवारी नाही, आणि सात दिवसांच्या गठ्ठ्याला आपण आठवडा म्हणतो. तेरावा घालतो तो पण गेलेला दिवस पहिला धरूनच. योहान २०:२६ बघा, पुनरुत्थानाच्या रविवारनंतर 'आठ दिवसांनी' शिष्य पुन्हा घरात जमले होते आणि थोमा त्यांच्यात होता, तो पुढचा रविवारच, आणि मराठी वाचक तिथे अजिबात अडखळत नाही! इंग्रजी वाचकाला तिथे तळटीप लागते. डोंगरावर येशूचं रूप पालटतं तो प्रसंग मार्क 'सहा दिवसांनंतर' सांगतो आणि लूक 'सुमारे आठ दिवसांनी', त्याचाही एक उलगडा असाच करतात की एकाने दोन्ही टोकं सोडली, दुसऱ्याने दोन्ही धरली.

हे लावून मार्क १४:१ वाचा. 'दोन दिवसांनंतर' वल्हांडण. हाच मार्क ८:३१ मध्ये येशू 'तीन दिवसांनंतर' उठेल असं लिहितो आणि प्रत्यक्षात शुक्रवार ते रविवार होतं, म्हणजे त्याच्या हिशोबात तीन दिवसांनंतर म्हणजे परवा. मग दोन दिवसांनंतर म्हणजे उद्या. वल्हांडणाचं कोकरू मार्कच्या मते गुरुवारी कापलं गेलं, तर १४:१ चा दिवस बुधवार ठरतो, आणि यहूदा इस्कर्योत या शिष्याने येशूला पकडून द्यायचा सौदा केला तो बुधवार अशी चर्चची जुनी समजूत आहे ती याच्याशी जुळते. (मत्तय आणि लूक यांनी मार्कचं 'तीन दिवसांनंतर' बदलून 'तिसऱ्या दिवशी' केलंय, त्यांनाही गोंधळ नको असणार.)

मार्कमधला बाकीचा क्रम तसा सरळ आहे: गाढवाच्या शिंगरावरून यरुशलेमात प्रवेश आणि संध्याकाळी परत बेथानी, दुसऱ्या दिवशी अंजिराचं झाड आणि मंदिरातल्या सराफांची टेबलं उलथवणं, तिसऱ्या दिवशी सकाळी ते झाड वाळलेलं दिसतं आणि मग कर द्यावा का, पुनरुत्थान आहे का, सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असा वादांचा लांबलचक दिवस. रविवार, सोमवार, मंगळवार.

योहानाचे सहा दिवस जरा चिवट आहेत. ग्रीक शब्द आहेत 'प्रो हेक्स हेमेरोन तू पास्खा', शब्दशः 'सहा दिवसांआधी वल्हांडणाच्या', रचना तिरपी वाटते पण तेव्हाच्या ग्रीकमध्ये चालायची, जुन्या करारातल्या आमोसच्या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरात पहिल्याच ओळीत 'भूकंपाच्या दोन वर्षं आधी' अशाच घडणीत आहे. वल्हांडण म्हणजे कोकरू कापायचा शुक्रवार, ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याची १४ तारीख, असं धरून शुक्रवार न मोजता सरळ सहा वजा केले तर शनिवार, ८ निसान. दुसऱ्या दिवशी प्रवेश (१२:१२), म्हणजे झावळ्यांचा रविवार (पाम संडे) बरोबर बसला. पूर्वेकडच्या मंडळ्या (चर्च) आदल्या दिवसाला लाजराचा शनिवार म्हणतात, येशूने मेलेल्यातून उठवलेला बेथानीचा लाजर, तोही बसला. अडचण एवढीच की येशू आला त्या यरीहोपासून बेथानी हा २० किलोमीटरच्या वरचा, हजारेक मीटर चढाचा रस्ता, आणि शब्बाथाला दोन हजार हात म्हणजे किलोमीटरभर चालायची मुभा. म्हणून बरेच जण म्हणतात की तो शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत पोचला असेल आणि ते जेवण शनिवारी दिवस मावळल्यावर, मार्था वाढतेय, मरिया जटामांसीचं तेल पायाला लावतेय वगैरे. काही अभ्यासक शुक्रवारही मोजणीत धरतात, मग येणं रविवारी आणि प्रवेश सोमवारी, १० निसानला, आणि बायबलातल्या निर्गम या पुस्तकात १२:३ प्रमाणे १० तारखेलाच कोकरू निवडून बाजूला काढायचं असतं. सुंदर जुळतं. मला विचाराल तर जरा जास्तच सुंदर जुळतं, योहानाला ते सांगायचं असतं तर त्याने सांगितलं असतं, असल्या गोष्टी तो सोडत नाही, पाय मोडले नाहीत म्हणून शास्त्रवचन पूर्ण झालं हे १९:३६ मध्ये आवर्जून सांगतोच की.

आता मूळ दुखणं. 'वल्हांडण' हा शब्द ओलांडणेच्या कुळातला, निर्गम १२ मध्ये देव इस्राएलींची घरं ओलांडून जातो त्यावरून. पण ग्रीकमध्ये पास्खा हा एकच शब्द तीन गोष्टींना लागतो: ते कोकरू, त्या रात्रीचं जेवण, आणि अख्खा सण. पास्खा कापतात, पास्खा खातात, पास्खा जवळ येतो. मराठीत 'वल्हांडण सण' असं म्हणायची सवय असल्यामुळे कोकरू मागे पडतं आणि सण तेवढा पुढे राहतो. कोकरू १४ निसानला दुपारी कापायचं, जोसेफस नवव्या ते अकराव्या तासाची वेळ देतो, म्हणजे ३ ते ५, आणि सूर्य बुडाल्यावर तारीख बदलून १५ लागली की खायचं, तिथून बेखमीर भाकरीचे सात दिवस. एकाच जेवणाची तयारी १४ ची आणि जेवण १५ चं. (कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणायचे, त्यांच्यात या सणाला पूर्वी आंबवण्याचं भांडं झाकून ठेवण्यावरून मराठी नाव होतं.)

मार्क, मत्तय, लूक यांच्यात शेवटचं भोजन हे वल्हांडणाचंच जेवण आहे, मार्क १४:१२ मध्ये कोकरू कापायचा दिवस असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे गुरुवार १४, वधस्तंभ शुक्रवार १५. योहानात मात्र शुक्रवारी सकाळी ज्यू पुढारी रोमन सुभेदार पिलाताच्या वाड्यात पाऊल टाकत नाहीत, का तर विटाळ होईल आणि वल्हांडण खाता येणार नाही (१८:२८). म्हणजे अजून खायचंय. म्हणजे शुक्रवार १४.

इथे परास्केवेचा आधार घेऊन मेळ घालणारे बरेच आहेत. ते म्हणतात योहान १९:१४ मधलं 'परास्केवे तू पास्खा' म्हणजे वल्हांडणाची तयारी नाहीच, वल्हांडणाच्या आठवड्यातला शुक्रवार. व्याकरणाने चालतं, आणि योहान स्वतः १९:३१ नि १९:४२ मध्ये हा शब्द शुक्रवार म्हणूनच वापरतो, त्यामुळे हे उडवून लावण्यासारखं नाही. पण एवढ्याने भागत नाही. १८:२८ तसंच उरतं, १३:२९ उरतं जिथे यहूदा उठून गेल्यावर बाकीच्यांना वाटतं की सणासाठी काही आणायला गेला असेल, म्हणजे सण पुढे आहे. १८:२८ मधलं वल्हांडण म्हणजे आठवडाभरातली इतर अर्पणं असंही सांगतात, पण साधं वाचलं तर तसं वाटत नाही. शब्दार्थाने सुटतो तो गुंता सोडवावा, उरलेला मतभेद आहे तसा मान्य करावा, शब्दाला पिळून काही निघत नाही. तारखेपुरता माझा कल योहानाकडे आहे, कारण सणाच्या रात्री धरपकड, चौकशी आणि सकाळी शिक्षा हे १५ निसानसारख्या पवित्र दिवशी अवघडच दिसतं, आणि ताल्मूद या ज्यूंच्या धर्मग्रंथामध्ये पण येशूला वल्हांडणाच्या आदल्या दिवशी टांगलं अशीच परंपरा आहे. पिलात इ.स. २६ ते ३६ सुभेदार होता, त्यातली ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३ या शुक्रवारी पडणाऱ्या १४ निसानच्या तारखा सगळ्यात जास्त पुढे केल्या जातात.

१९५७ साली आनी जोबेर या फ्रेंच विदुषीने वेगळाच तोडगा काढला की मृत समुद्राकाठच्या कुमरान इथल्या ज्यू पंथाचं ३६४ दिवसांचं सौर पंचांग होतं, ३६४ म्हणजे बरोबर ५२ आठवडे, त्यामुळे त्यांचा वल्हांडण दरवर्षी बुधवारीच आणि जेवण मंगळवारी रात्री, येशूने तेच पाळलं असेल. चौकशीला वेळ मिळतो हे खरं, पण येशू ते पंचांग पाळायचा याला शुभवर्तमानांत काही आधार नाही.

जाता जाता, 'योहानात मंदिरात कोकरं कापत होते नेमक्या त्याच वेळी येशूने प्राण सोडला' असं प्रवचनात नेहमी ऐकू येतं. योहान मृत्यूची वेळ देतच नाही! तो पिलाताच्या निकालाची वेळ देतो, सुमारे सहावा तास म्हणजे दुपारचे १२. नववा तास मार्क, मत्तय, लूककडून घ्यायचा आणि तारीख योहानाकडून घ्यायची तेव्हा ते वाक्य तयार होतं.

राहिल्या तीन दिवस नि तीन रात्री. ते मत्तय १२:४० मध्ये माशाच्या पोटात राहिलेल्या योनाच्या संदर्भात येतं आणि त्यावरून काही जण वधस्तंभ बुधवारी किंवा गुरुवारी नेतात, योहान १९:३१ मधला 'मोठा' शब्बाथ हा वेगळा सणाचा शब्बाथ होता असं म्हणून. मार्क १५:४२ चा खुलासा त्याच्या आड येतो आणि लूक २३:५४ ते २४:१ सरळ वाचलं तर परास्केवे, शब्बाथ, पहिला दिवस असे लागोपाठ येतात, मध्ये जागाच नाही. दिवस-रात्रींची जोडी हा हिब्रू बोलीतला पूर्ण दिवस मोजायचा प्रकार आहे, तुकडा असला तरी अख्खा धरतात. एस्तेर ४:१६ मध्ये राणी एस्तेर तीन दिवस रात्रंदिवस उपास करायला सांगते, मग राजाकडे जाईन म्हणते, आणि ५:१ मध्ये तिसऱ्याच दिवशी राजवस्त्रं घालून अंगणात उभी असते.